उसातल्या जर्स्या

कतारात अल वक्र्याच्या समुद्रावरून पुन्हा गार वारा यायला लागला. आमच्या रूमवरचा संपत सकाळी ड्यूटीला जाताना कानटोपी घालायला लागला, की मी समजतो, जानेवारी आला. कोल्हापूरचा माणूस याला थंडी म्हणणार नाही. पण वर्षातले बाकीचे महिने भट्टीत काढल्यावर एवढ्याशा वाऱ्यानेही अंगावर काटा येतो. लोक तंबू घेऊन वाळवंटात जातात, करक चहाच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते, आणि आमच्या क्लबवर दिवसाउजेडी सराव सुरू होतो. उन्हात खेळाडूंच्या सावल्या गवतावर पळताना दिसायला लागल्या, की माझं मन उगाच जड होतं. कारण हेच दिवस नावं सोलायचे.

मी एका फुटबॉल क्लबचा किटमॅन आहे. कुठल्या ते सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. खेळाडूंचे शर्ट, चड्ड्या, मोजे, बूट धुवायचे, वाळवायचे, मोजून लावायचे, आणि सामन्याच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये ज्याच्या त्याच्या खुंटीला ज्याचा त्याचा शर्ट अडकवायचा, नाव बाहेर दिसेल असा. बायको माहेरी सांगते, ‘ते फुटबॉलमध्ये आहेत.’ खोटं नाही ते. लहानपणी मी कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघाचा गोलकीपर होतो. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याला आधी फुटबॉल मिळतो, चपला नंतर. त्यामुळे पहिल्यांदा गल्फमध्ये हॉटेलच्या लाँड्रीत आलो आणि पुढे या क्लबची किट रूम मिळाली, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.

आता नावं सोलणं म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. इथल्या संघांना परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असतात. जानेवारीत काही दिवस यादी बदलायला मुभा मिळते. एखादा परदेशी जायबंदी झाला, किंवा त्याचे गोल आटले, की त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घालतात. करार असतो तोवर तो माणूस क्लबवर येतो, जेवतो, पळतो. फक्त खेळत नाही. सामन्याचे शर्ट नवे येतात, पण सरावाच्या जाकिटांवरची नावं मलाच काढावी लागतात. गरम प्रेस थोडा वेळ टेकवायचा, मग नखाने कोपरा उचलून अक्षर हळूहळू ओढायचं. उन्हाने आजूबाजूचं कापड विटलेलं असतं आणि अक्षराखालचं मात्र कोरं राहिलेलं असतं. त्यामुळे काढलेलं नाव नंतरही वाचता येतं. त्या जाकिटाचं काय करायचं, हे मला कोणी सांगत नाही. मी ते घडी करून खालच्या कप्प्यात ठेवतो.

हर्नानचं नाव मी अशाच एका जानेवारीत सोललं.

हर्नान कोलंबियाचा. फॉरवर्ड, नऊ नंबर. पोरवयात घर सोडलं आणि मग चेंडू जिकडे नेईल तिकडे गेला. बोलिव्हियात उंच डोंगरावर, तुर्कस्तानात, थायलंडमध्ये, एक हंगाम आपल्या गोव्यातही. प्रत्येक देशातून त्याने दोन-चार शब्द उचलले होते. मला बघितलं की ‘जल्दी जल्दी, पानी पानी’ म्हणायचा, कारण गोव्यात त्याने एवढंच ऐकलं होतं. आमची भाषा म्हणजे त्याचं तुटकं इंग्रजी, माझं त्याहून तुटकं, आणि उरलेलं स्पॅनिश, जे मी किट रूममध्ये बसून आधीच्या खेळाडूंकडून शिकलो होतो. इथे मी ते सगळं सरळ मराठीत लिहितो. संपतने त्याचं बारसंच करून टाकलं होतं. ‘काय म्हणतेत तुमचे हणमंतराव?’ असं तो रोज विचारायचा. संपत बीडकडचा, हमद पोर्टवर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. फुटबॉलमधलं त्याला शष्प कळत नाही, पण हणमंतरावांनी गोल मारला की चहा तो पाजायचा.

पहिल्याच दिवशी हर्नान किट रूममध्ये आला आणि म्हणाला, ‘मला एक शर्ट लांब बाह्यांचा पाहिजे.’

मी म्हटलं, ‘कतारात लांब बाह्या? शिजशील.’

‘मला नाही. वडिलांना. उसात घालायला.’

त्याने फोन काढून फोटो दाखवला. काटक म्हातारा, हातात कोयत्यासारखं लांब पातं, डोक्यावर टोपी आणि अंगात कुठल्याशा तुर्की संघाची लालभडक जर्सी, पाठीवर मुलाचं नाव. मागे ऊस. मी कोल्हापूरचा, ऊस ओळखायला मला फोटो मोठा करावा लागला नाही. उसाच्या पानाने हात कसे चिरतात, हे शेताच्या बांधावरून गेलेल्या कोणालाही माहीत असतं. फडात उतरणाऱ्याला बाह्या झाकायला काहीतरी लागतंच. तर हा गडी क्लब बदलला की पहिला शर्ट बापाला पाठवायचा, आणि बाप तो घालून ऊस तोडायचा. साऱ्या जगातले क्लब त्या म्हाताऱ्याने उसात नेऊन घामाने भिजवले होते. मी खूप हसलो. नंतर एकटाच शर्टावर नाव छापत होतो, तेव्हा मात्र डोळे भरून आले. मी लांब बाह्यांचे दोन शर्ट बांधून दिले.

या बापाने मुलाला मोठ्या मैदानावर खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. गावच्या धुळीत पाहिलं तेवढंच. पुढे मुलगा शहरात गेला, सामने रविवारी असायचे, आणि तिकडे ऊस बारा महिने तोडतात, रविवार कुठला. नंतर तर समुद्रच मध्ये आले. वडील मोबाईलवर गोल बघायचे, पण म्हणायचे, ‘यात तू फार लहान दिसतोस.’ आता काम सुटलं होतं, पासपोर्ट निघाला होता, आणि कतारची हवा बरी असते त्या दिवसांत ते येणार होते. हर्नान हे ज्याला-त्याला सांगत सुटला होता. मैदान राखणाऱ्यांना, स्वयंपाक्याला, अगदी गेटवरच्या नेपाळी गार्डलाही. वय झालं होतं हर्नानचं, फॉरवर्डचं वय काय असतं! पुढे कुठला क्लब मिळेल, मिळेल की नाही, याचा भरवसा नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की बापाने एकदा स्टँडमध्ये बसावं आणि त्याने गोल मारावा.

डिसेंबरात एका सामन्यात तो खाली बसला. कोणी धक्का मारला नाही, पाय आडवा घातला नाही. पळता पळता वळला आणि बसला. धक्का लागून पडलेला खेळाडू ओरडतो, हात वर करतो. हा नुसता गवताकडे बघत राहिला. मी बाकामागे पाण्याच्या बाटल्या भरत होतो. तेव्हाच मला कळलं, आणि मला वाटतं त्यालाही. डावा गुडघा होता. डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, हर्नान ‘हंगाम संपल्यावर, मे महिन्यानंतर’ म्हणत होता.

यादी बदलायचे दिवस आले तसे मॅनेजर किट रूमच्या दारात उभे राहिले. भला माणूस, पण कामाचं बोलायचं असलं की खुर्चीवर बसत नाही. ‘सुभाष, न्यू नंबर नाईन टुमॉरो. द ओल्ड वन, खलास.’ मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘व्हॉट कॅन वी डू, हबीबी?’ खरंच काय करणार होते ते? गोल हवे होते. संपतला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हंजी हणमंतरावाला कॅन्सल केलं म्हणा की.’ आमच्यात व्हिसा कॅन्सल होतो, माणूस घरी जातो. याचा व्हिसा चालू, पगार चालू, फक्त नाव गेलं होतं. मी जाकिटावरचं नाव काढलं. सामन्याचा जुना शर्ट मात्र तसाच राहू दिला, का ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी वडील आले.

हर्नान त्यांना सगळ्यांत आधी किट रूममध्ये घेऊन आला. मी नमस्कार केला, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तळहात आमच्याकडच्या ऊसतोड्यांसारखाच, सालपटासारखा. मी त्यांना आबा म्हणायला लागलो, तेही त्या हाकेला ‘ओ’ द्यायला लागले. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक तपकिरी खडा काढला आणि माझ्यापुढे धरला. ‘पानेला,’ ते म्हणाले. मी इस्त्रीच्या टेबलावर ठेवून पाना मारून तुकडा पाडला आणि तोंडात टाकला. गूळ होता. जरा काळपट, जरा खारट, पण गूळच. मी कपाटातून सुट्टीवरून आणलेली आमची ढेप काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तो गूळ चाखला, डोळे मिटले, आणि मुलाकडे बघून असं काही हसले की मलाच लाजल्यासारखं झालं. हर्नान म्हणाला, ‘आमच्याकडे कोणी उन्हातून आलं की हे पाण्यात घालून देतात.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे पण.’ पृथ्वीच्या दोन टोकांना उन्हातून आलेल्या माणसाला एकच गोष्ट देतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. बराच वेळ आम्ही तिघंही गूळ खात बसलो.

शुक्रवारी दुपारी आम्ही त्यांना वक्र्याच्या किनाऱ्यावर नेलं. संपतही आला. जुन्या होड्यांजवळ बसून करक घेतला. संपतचे आई-बाप दरवर्षी बीडहून ऊसतोडीला आमच्याच जिल्ह्यात यायचे. म्हणजे मी बांधावरचा आणि तो फडातला. हे आम्ही एरवी चेष्टेत घेतो. ‘दादा, तुमच्या चुलत्याचा ऊस आमच्याच म्हाताऱ्यानं तोडला आसंल,’ असं तो म्हणतो. त्या दिवशी त्याला आणि आबांना बोलायला मध्ये मी लागलो नाही की हर्नान लागला नाही. आबांनी वाळूत उभं राहून तोडणी करून दाखवली, बुडाला एक घाव, शेंड्याला एक. संपतने मान डोलावली आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कसं चढतात, ते करून दाखवलं. आबा हसता हसता थांबले. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि संपतकडे प्रश्नार्थक बघितलं.

‘हां, गुडघंच,’ संपत म्हणाला. ‘माझ्या बापाचे बी गुडघंच गेले.’

मराठीतच म्हणाला तो. आबांना ते कळलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. हर्नान तेव्हा समुद्राकडे बघत होता.

त्याने बापाला सांगितलं नव्हतं. ‘थोडा मार आहे, कोच विश्रांती देतोय,’ एवढंच सांगितलं होतं. सामन्याला तो साध्या कपड्यांत बापाशेजारी स्टँडमध्ये बसायचा. भोंग्यावर नावं वाचली जायची, नऊ नंबरला दुसऱ्याचं नाव यायचं. आबा ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढ्यातलं मैदान बघायचे. मला वाटतं, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मुकादमाच्या हाकेत आपलं नाव येतंय का, याची वाट बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला नाव न येण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण मुलगा सांगत नाही तोवर आपण विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं असावं. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते आणि मला ते बघवत नव्हतं. सामना संपला की आबा किट रूममध्ये येऊन मळके मोजे जोडीने लावायला मदत करायचे.

परतायचे दिवस जवळ आले तसा हर्नान कोचकडे गेला. मधल्या आठवड्यात खालच्या गटातल्या एका संघाशी सरावाचा सामना होता, आमच्याच सरावाच्या मैदानावर, बंद दारांमागे. अशा सामन्याला यादी लागत नाही. कोच नको म्हणाला, डॉक्टर नको म्हणाले, फिजिओ तर त्याच्याशी बोलेनासाच झाला. हर्नान तीन भाषांत प्लीज म्हणाला. शेवटी कोचने त्याला शेवटची थोडी मिनिटं द्यायचं कबूल केलं. मला काय वाटलं? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी खालच्या कप्प्यातून तो जुना शर्ट काढला, त्यावरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली आणि सामना असल्यासारखा त्याच्या खुंटीला लावला. त्याने आत येऊन बघितलं आणि कपाळ शर्टाला टेकवलं. आमच्या पेठेत पोरं असंच करतात.

सरावाच्या मैदानाला स्टँड नाही. मी कडेला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर आबा, दुसरीवर मी. त्यांनी अंगात आमच्याच क्लबची लांब बाह्यांची जर्सी घातली होती. उसाचे चिकट डाग बाह्यांवर तसेच होते, धुऊन न गेलेले. उतरतं ऊन होतं, वारा छान होता. समोरच्या कुंपणापलीकडे कोणाची तरी बांधकामाची क्रेन उभी होती. असं ते मोठं मैदान.

हर्नान आत गेला. पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा त्याने तो नुसता मागे दिला. दुसऱ्यांदाही. तो लंगडत नव्हता, पण लंगडू नये म्हणून जपत होता, आणि ते लंगडण्यापेक्षा वाईट दिसतं. मला वाटलं, एवढ्यावरच निभावलं तर बरं. मग उजवीकडून एक चेंडू आडवा आला. जरा मागेच पडलेला, सोडून दिला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्याने सोडला नाही. डावा पाय रोवला, सगळं अंग त्या डाव्या गुडघ्यावर टाकलं आणि उजव्याने मारला. चेंडू जमिनीलगत, खांबाच्या आतून गेला. गोलकीपरने मनापासून झेप घेतली होती. मी गोलकीपर होतो, दाखवण्यापुरती मारलेली झेप मला ओळखता येते. हा गोल त्याने कोणाकडून मागून घेतलेला नव्हता.

मी टाळी वाजवत आबांकडे वळलो. आबांनी आपला स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्यांची नजर अजून तिथेच होती, जिथे हर्नानने पाय रोवला होता. चेंडू कुठे गेला, हे त्यांना माहीत नव्हतं. सगळे ओरडले, जाळी हलली, तरी त्यांनी तिकडे बघितलं नाही. ते फक्त तो गुडघा सरळ होतोय का, हे बघत होते. एवढ्यात हर्नान हात पसरून आमच्याकडे वळला आणि ओरडला, ‘पापा! पाहिलं?’

आबा ताडकन उभे राहिले. दोन्ही हात वर करून म्हणाले, ‘पाहिलं! पाहिलं!’

तो चालत बाहेर आला. हाताने खूण करून दुसऱ्याला आत जायला सांगितलं. बापाच्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडला. मग आबा खाली वाकले आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून तसेच राहिले. आपल्याकडे बाप मुलाच्या पायाला हात लावत नाही. मी खुर्च्या उचलून आत नेल्या.

त्यानंतर हर्नान कुठेच खेळला नाही. गुडघा सुजला तो सुजलाच, ऑपरेशन झालं, मे महिन्यात ऊन तापायला लागलं तेव्हा तो एक बॅग घेऊन कुबडीवर विमानतळावर गेला. जगभर फिरलेला माणूस, सामान एवढंसं. आता गावाकडे पोरांना खेळवतो. माझ्याकडे तेव्हापासून दोन नऊ नंबर आले आणि गेले.

अलीकडे मला माझ्या वडिलांची आठवण फार येते. पेठेत त्यांचं सायकलचं दुकान होतं, ते बंद ठेवून ते माझ्या सामन्याला कधी आले नाहीत. मी घरी गेलो की एकच विचारायचे, ‘लागलं न्हाई न्हवं कुठं?’ कोण जिंकलं, मी किती अडवले, काही नाही. मला त्यांचा राग यायचा. आता ते नाहीत, आणि तसं विचारणारं कोणी राहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात हर्नानचा आवाजी मेसेज आला. आबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. गावातल्या सगळ्यांना, अगदी शेवटपर्यंत, ते त्या गोलची गोष्ट सांगत होते म्हणे. अर्ध्या मैदानावरून मारला, डाव्या पायाने, सगळ्यांच्या डोक्यावरून वरच्या कोपऱ्यात. सांगता सांगता हर्नान हसला. ‘म्हातारी माणसं वाढवून सांगतातच,’ तो म्हणाला. ‘पण त्यांनी पाहिला ना, सुभाष? मी त्यांना दुसरं काहीच दाखवू शकलो नाही. तू शेजारी होतास. पाहिला ना त्यांनी?’

मी किट रूमचं दार लावून घेतलं. फोन तोंडाजवळ धरला. मग बटण दाबलं आणि म्हणालो, ‘हर्नान, मी शेजारीच होतो. तू मैदानात गेल्यापासून बाहेर येईपर्यंत त्यांची नजर तुझ्यावरून एकदाही हलली नाही.’